मालवणला पाच दिवस, पण राहायचं नेमकं कुठे? तारकर्ली, देवबाग, चिवला की गावातच?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी पाच दिवस मालवणला जायचं ठरलंय, नाशिकहून आमच्याच गाडीने. मी, नवरा, पोरं दोन (९ आणि ५) आणि सासूबाई, वय ७१, गुडघे दुखतात आणि शुद्ध शाकाहारी. बुकिंग करायला बसले तर डोकं फिरलं, सगळ्या हॉटेलांच्या पत्त्यात मालवणच लिहिलंय पण नकाशावर बघावं तर एक तारकर्लीत, एक देवबागेत, एक वायरीला, एक चिवल्याला, आणि एक तर चक्क डोंगरावर कुंभारमाठ म्हणून काहीतरी आहे तिथे. आता यातलं मालवण कोणतं? नवरा म्हणतो तारकर्ली घे आणि मोकळी हो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सह्यभटक्या
तारकर्ली. एमटीडीसीचं (पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट मिळालं तर उत्तम, सुरूच्या बनात आहे, बाहेर पडलं की वाळू. विषय संपला.

धुरीवाड्याचो
विषय संपलो कसो? तारकर्ली म्हणजे मालवण न्हय हो. मालवण बघूचा असात तर शारात रवा.

बरं, सगळ्यांना कळेल असं प्रमाण मराठीत लिहितो. ताई, मालवण शहर तसं छोटं, पण वाडी बदलली की गाव बदलतं. बंदर जेटी आणि बाजारपेठ हा मूळ गाव, गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून एसटी आली तर तुमची गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा. जेटीच्या बाजूला मेढा, तिथेच राजकोट किल्ला आणि जयगणेश मंदिर (कालनिर्णयवाल्या जयंतराव साळगावकरांनी बांधलेलं, ते मूळचे मालवणचेच). वर भरड, म्हणजे बँका, दुकानं, दत्तमंदिर. भरडावरून बाजारात उतरताना फोवकांडा पिंपळ लागतो, आमच्याकडे पत्ता सांगायचा तर निम्म्या वेळा याच पिंपळापासून सुरू होतो. आत देऊळवाडा, रामेश्वर नारायणाची देवळं, दिवाळीच्या पाडव्याला यांची पालखी निघते ती बघायला मुंबईकर सुट्टी काढून येतात. उत्तरेला धुरीवाडा, रेवतळे आणि चिवला वेळा, तुम्ही लोक चिवला बीच म्हणता तो. दक्षिणेला दांडी, मग वायरी, मग तारकर्ली, आणि अगदी टोकाला देवबाग. कुंभारमाठ वर सड्यावर आहे, वारा छान पण समुद्र लांबून दिसणार.

सासूबाई बरोबर आहेत तर माझं मत चिवला. किनारा अर्धगोल आहे, पाणी शांत, माडाखाली घरं आणि घरातच खोल्या, गाडी दारापर्यंत जाते. तारकर्ली गावापासून साधारण ७ किलोमीटर, म्हणजे रात्री आठ वाजता औषध हवं झालं तर गाडी काढा.
(मी चिवल्याचाच म्हणून बाजू घेतोय असं कोणी म्हणेल, तर हो, घेतोय.)

बीचवाला बंड्या
धुरीवाडेकर, चिवला चांगला आहे मान्य, पण पोरांना वाळूत मनसोक्त लोळायचंय तर तारकर्लीसारखी लांबलचक वाळू चिवल्याला नाही. आम्ही तीनदा गेलो, एकदा देवबागेत राहिलो तो सगळ्यात लक्षात राहिला. रस्त्याच्या एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची जी पट्टी ती कुठे कुठे एवढी अरुंद की अंगणात उभं राहिलं तर दोन्हीकडचं पाणी दिसतं, सकाळी नदीवर जाऊन चहा प्यायचा आणि संध्याकाळी समुद्रावर, शेवटी संगम, तिथून होडीने त्सुनामी आयलंड, पलीकडे भोगव्याचा किनारा. डॉल्फिन सकाळी लवकर निघालात तरच, नऊनंतर नुसता फेरफटका.

गोदाकाठची
बापरे, एवढ्यात एवढं! त्सुनामी आयलंड म्हणजे खरंच २००४ च्या त्सुनामीत वर आलं का? आणि पाच वर्षांच्या मुलीला तिथे नेता येईल का?

बीचवाला बंड्या
होडीवाले तसंच सांगतात. आहे तो वाळूचा दांडा, नदीच्या तोंडाशी साठलेला. ओहोटीला बेट, भरतीला गुडघाभर पाणी. म्हणून भरती-ओहोटीची वेळ विचारूनच जा. मुलीला न्या पण लाइफ जॅकेट तिच्या मापाचं मागा, मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून सटकतं.

धुरीवाड्याचो
ओहोटीक आम्ही सुकती म्हणतंव. होडीवाल्याक "सुकती कधी?" असां विचारल्यात तर भाव थोडो कमी सांगात 😄

पाणकोंबडी
स्कूबाबद्दल लिहायलाच आले, कारण यात जाहिरात फार आणि माहिती कमी.

मालवणात "स्कूबा" म्हणून जे विकतात त्याचे दोन प्रकार आहेत. एक, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात बोट नांगरतात, शिडी सोडलेली असते, तुम्हाला सिलिंडर लावून शिडीला धरून खाली उतरवतात, मासे पावाच्या तुकड्यांवर जमतात, फोटो व्हिडिओ, दहा-पंधरा मिनिटांत वर. मजा येते, नाही म्हणत नाही, पण याला डायव्हिंग म्हणू नये. दुसरं म्हणजे तारकर्लीची एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था, तिथे आधी पोहण्याच्या तलावात शिकवतात आणि मग समुद्रात नेतात, वेळ आणि पैसे जास्त. ९ वर्षांच्या मुलाला उघड्या समुद्रात सिलिंडर लावू देऊ नका, कोणी "काय होत नाय हो ताई" म्हटलं तरी. समुद्रातले मान्यताप्राप्त कोर्सच मुळी दहाव्या वर्षापासून सुरू होतात. त्याला स्नॉर्केलिंग करू दे, तेवढंच दिसतं.

आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते, हे घाबरवायला नाही सांगत. पण बोटीत माणसं मोजा. जॅकेट "पाण्यात उतरताना देतो" म्हणाले तर उतरा खाली आणि दुसरी बोट बघा.

पाणी नितळ हवं तर तुमचा जानेवारी चांगला. अर्थात वारा सुटला असेल तर पाणी ढवळतं, त्या दिवशी प्रामाणिक माणूस स्वतःच नको म्हणतो.

चाकरमानी_डब्बल
अवांतर, हा सगळा भाग म्हणजे किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर. बोर्ड शोधून दाखवा, जेवण माझ्याकडून.

इतिहासाचा किडा
किल्ल्याबद्दल कोणी लिहिलंच नाही अजून!!

सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकामाचा मुहूर्त. त्या मुहूर्ताची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा दांडी-वायरीच्या किनाऱ्यावर आजही आहे, खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत, आणि तारकर्लीला धावणाऱ्या शंभरातल्या नव्वद गाड्या त्याच्या जवळून न थांबता जातात. किल्ल्याचा दरवाजा बघा, समोरून बोट आली तरी दिसत नाही, बुरुजांच्या वळणात लपवलाय. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा, आणि राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर, तिथली मूर्ती बिनदाढीची आहे, गाइडला विचारा. १७६५ मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा फोर्ट ऑगस्टस असं नावही ठेवून पाहिलं, टिकलं नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात हा आहे.

होडीवाले वर तासभर देतात, तासाभरात हा किल्ला होत नाही. आधीच बोलून ठेवा की दुसऱ्या होडीने परत येऊ. आत अजून काही घरं नांदती आहेत, तिथे ताक, कोकम सरबत मिळतं.

गोदाकाठची
सासूबाईंना जमेल का पण?

इतिहासाचा किडा
होडीत चढणं-उतरणं हाच अवघड भाग, भरतीच्या वेळी होडी जेटीच्या बरोबरीला येते तेव्हा सोपं. आत दरवाजापासून शिवराजेश्वरापर्यंत चालायला बरं आहे. तटावर चढायला लावू नका. नाहीच जमलं तर राजकोटावर बसवा, किल्ला समोर दिसतो.

पिंपळपार
राजकोटावरच शिवाजी महाराजांचा तो पुतळा होता ना, जो

धुरीवाड्याचो
होय, डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाला उभा केला, ऑगस्ट २०२४ ला पडला, मे २०२५ मध्ये तिथेच नवा झाला. त्यावर वेगळे धागे शंभर आहेत, तिकडे भांडा. हा सहलीचा धागा राहू दे ही विनंती.

खवय्या खंडू
आला रे आला खाण्याचा विषय. (आला नव्हता, मी आणला.)

मासे खाणाऱ्यांसाठी: आधी संध्याकाळी जेटीवर लिलाव बघा, मग जेवायला बसा, म्हणजे ताटात काय ताजं हे कळतं. सगळे सुरमई-पापलेट मागतात म्हणून त्यांचे भाव चढलेले, तुम्ही तारली, पेडवे, सौंदाळे असं काही आहे का विचारा, घरगुती खानावळ असेल तर बाई खुश होऊन एक तुकडा जास्त वाढते. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. मोरीचं (म्हणजे शार्कचं) मटण धाडस असेल तर. सोलकढी दुधाळ गुलाबी असावी, भडक रंगाची आली तर समजून जा.

सासूबाईंसाठी: मालवणात शाकाहारीला शिवराक म्हणतात आणि सोमवारी बरीच घरं शिवराकच असतात, तेव्हा उपाशी राहतील ही भीती सोडा. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, नारळाच्या रसातले शिरवाळे, खतखतं. पण हे मेनूकार्डावर नसतं, आदल्या रात्री सांगायचं. मेनूकार्डावर पनीर असतं.

येताना खाजं घ्या, आल्याचा आणि गुळाचा वास यायला पाहिजे, आणि लाकडी खेळणी घ्या मुलांना.

धुरीवाड्याचो
लाकडी खेळणी सावंतवाडीची. खाजं आमचं. कृपया सरमिसळ नको.

खवय्या खंडू
चूक कबूल 🙏

चाकरमानी_डब्बल
नाशिकहून एका दमात येऊ नका, कोल्हापूरला मुक्काम करा. मग राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कणकवली, पुढे कसाल, कट्टा, चौके करत मालवण. परत जाताना कुडाळकडून जायचं असेल तर चौके, धामापूर, काळसे, नेरूरपार असा रस्ता आहे, धामापूरला थांबाच. तलाव १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ, पाणी इतकं स्थिर की सकाळी डोंगर उलटा दिसतो. सासूबाईंना समुद्रापेक्षा हे आवडेल, पैज लावतो.

महत्त्वाचं म्हणजे आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख बघून ठेवा. ती पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते. तेव्हा ट्रेन नाही, खोली नाही, रस्ता नाही. मी त्या दिवशी कणकवलीहून मसुऱ्याला (आंगणेवाडी तिथलीच) पोचायला जितका वेळ घेतला तेवढ्यात मुंबई-पुणे दोनदा झालं असतं, तरी दरवर्षी जातोच.

एकटा_जीव
सगळे दक्षिणेकडेच का पळता? उत्तरेला कोळंबचा पूल ओलांडा, सर्जेकोट, मग रेवंडी (वस्त्रहरणवाल्या मच्छिंद्र कांबळींचं गाव). सर्जेकोट बंदरावर उभं राहिलात की खाडीपलीकडे तळाशील दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण गाडीने जायला खाडीला वळसा घालून तोंडवळीकडून यावं लागतं. तळाशील म्हणजे देवबागेचं जुळं भावंड, एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र, फक्त जेट स्की नाही, बनाना राइड नाही, गाणी नाहीत. मी तिथे तीन दिवस राहिलो, माणसांपेक्षा कुर्ल्या (खेकडे) जास्त भेटल्या.

पुढे आचरा. रामेश्वराचं देऊळ बघाच. तिथली गावपळण माहितीय ना? काही वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की अख्खा गाव, गुरं-कोंबड्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो.

बीचवाला बंड्या
तळाशील भारी असेल, पण पोरं घेऊन, वॉटर स्पोर्ट नाही, दुकान नाही?

एकटा_जीव
म्हणूनच सांगतोय.

देवबागची_सून
वाचत होते, आता राहवलं नाही. देवबाग सगळ्यांना गोड लागतं, पण आमच्याकडे पावसाळ्यात उधाणाच्या दिवसांत घरात कोणी नीट झोपत नाही. समुद्र दरवर्षी थोडी जमीन घेतो, म्हणून दगडांचे बंधारे घातलेत, तुम्हाला फोटोत ते काळे धोंडे आवडत नाहीत ना, ते आमच्या माडांसाठी आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा लाइट किती दिवस नव्हती हे मोजायचं सोडून दिलं होतं.

या, जरूर या, आमचं पोटच आता त्यावर आहे, रापण ओढणाऱ्यांच्या पोरांनी होड्यांना टपं लावून पर्यटक न्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे घरं सावरली. फक्त दारू पिऊन संगमावर पोहू नका आणि बाटल्या वाळूत पुरू नका, आमची मुलं अनवाणी फिरतात.

आणि ताई, रापण बघायची असेल तर सकाळी वायरी-तारकर्लीकडे किनाऱ्याने चालत जा. अर्धवर्तुळ जाळं समुद्रात सोडलेलं असतं आणि दोन्ही टोकांना माणसं दोर ओढत असतात. तुमच्या मुलांनी हात लावला तर वाटा म्हणून चार बांगडे मिळतील, सासूबाईंना सांगू नका.

सह्यभटक्या
मी दोन ओळीत विषय संपवला होता, आता माझंच जायचं ठरतंय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार, खूप गोंधळ उडवलात आणि खूप सोडवलात. ठरलं असं, तीन रात्री चिवला, दोन रात्री देवबाग. तळाशील नवऱ्याने ऐकून घेतलं आणि "पोरं मोठी झाल्यावर" असं म्हणाला, म्हणजे आम्ही म्हातारे झाल्यावर.

---

गोदाकाठची
धागा वर काढतेय, जाऊन आलो!

चिवला योग्यच होतं धुरीवाडेकर. सासूबाई रोज सकाळी काठी घेऊन एकट्या किनाऱ्यावर फिरून यायच्या आणि घरवाल्या आजींशी गप्पा मारत बसायच्या, तिसऱ्या दिवशी दोघींनी मिळून काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. संध्याकाळी रॉक गार्डनला गेलो, सूर्यास्त छान पण मुलगी ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर खेकडे शोधत राहिली, आम्हीच अंधार पडल्यावर उचलून आणली.

किल्ल्यावर भरती बघून गेलो, सासूबाई आल्या! दोन होडीवाल्यांनी अक्षरशः उचलून उतरवलं. दहीबावीचं पाणी चाखायचा हट्ट होता, चाखलं, म्हणाल्या गोदावरीची सर नाही. इतिहासाचा किडा यांनी माफ करावं. मोरयाचा धोंडा मात्र शोधला, तिथे आम्ही सोडून कोणी नव्हतं.

स्कूबाचं, नवऱ्याने शिडीवालं केलं. एका बोटीवर माणसं जास्त वाटली म्हणून आम्ही सरळ उतरलो, तो माणूस चिडला, तरी उतरलो, पाणकोंबडी ताई तुमचं वाक्य डोक्यात होतं. दुसऱ्या बोटीत आधी जॅकेट मग चढा असं होतं.

देवबागेत दुसऱ्या रात्री शेजारच्या रिसॉर्टवर साडेबारापर्यंत गाणी चालू होती, एवढंच वाईट. त्सुनामी आयलंडला आम्ही पोचेपर्यंत भरती लागली होती, घोटाभर पाण्यात टेबलखुर्च्या आणि लोक भजी खातायत, मुलांना तेच जास्त आवडलं.

बांगडे चारच मिळाले. मुलगा पिशवी लपवत होता, सासूबाईंनी लांबूनच ओळखलं, म्हणाल्या वास मला पण येतो रे, घरवाल्या आजींना देऊन ये.

धामापूरला तासभर म्हणून थांबलो ते तीन तास झाले. चाकरमानी, पैज तुम्ही जिंकलात.

चाकरमानी_डब्बल
अभयारण्याचा बोर्ड दिसला का?

गोदाकाठची
नाही. तुमचं जेवण वाचलं.

धुरीवाड्याचो
खाजां खयच्या दुकानातला घेतल्यात, ता सांगल्यात नाय तो?